‘आई, नक्की ना?’

आईबाबांनो,

‘आई, माझे हात स्वच्छ झाले ना? नक्की ना?’ ‘बाबा, वही दप्तरात ठेवलीय ना? परत बघू?’ ‘माझ्या मनात देवाबद्दल वाईट आलं, तर तुला काही होणार नाही ना?’ असा एखादा प्रश्न तुमच्या घरात उठल्यापासून झोपेपर्यंत विचारला जात असेल, तर हे हितगुज तुमच्याशी आहे. तुम्ही दर वेळी उत्तर देता, ‘हो रे सोन्या, काही होणार नाही.’ मुलाचा चेहरा क्षणभर निवतो आणि पाच मिनिटांनी तोच प्रश्न परत येतो. साबणाची वडी चार दिवसांत संपते. थंडीत बोटांच्या पेरांवर भेगा पडून रक्त येतं. गृहपाठाचं एकच पान खोडून खोडून फाटतं. खाली शाळेची रिक्षा हॉर्न वाजवत असते आणि मूल जिन्यात अडकलेलं असतं, कारण पायरी ‘बरोबर’ उतरल्यासारखी त्याला वाटत नाही.

शेजारच्या काकू कौतुकाने म्हणतात, किती टापटिपीची हो तुमची मुलगी. आजी म्हणतात, आमच्या वेळचं सोवळं याहून कडक होतं. पण आजींचं सोवळं पूजा आटोपली की संपायचं आणि त्यातून त्यांना समाधान मिळायचं. तुमच्या लेकीचं धुणं संपतच नाही. ती थकते, रडते, तरी थांबू शकत नाही. याला ओसीडी म्हणतात. जुनी माणसं मंत्रचळ म्हणायची. हा स्वभाव नव्हे, हट्ट नव्हे, आणि तुमच्या संगोपनातली चूक तर मुळीच नव्हे.

आता ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसले, ती सांगते. डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ या आजारासाठी एक उपचार सुचवतात. त्याला बोलण्याचा उपचार म्हणतात खरं, पण त्यात नुसतं बोलणं नसतं. मुलाला ज्याची भीती वाटते त्याला पायरीपायरीने सामोरं जायला लावायचं आणि त्यानंतर जी कृती केल्यावाचून त्याला राहवत नाही, ती करू द्यायची नाही. कचऱ्याच्या डब्याला हात लावायचा आणि धुवायचा नाही. दिवा एकदाच बंद करायचा आणि परत बघायला जायचं नाही. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला ईआरपी म्हणतात. आणि तुम्हाला सांगितलं जातं, की ‘नक्की ना?’ या प्रश्नाला उत्तर देणं हळूहळू थांबवा.

हे ऐकून पालकांच्या पोटात गोळा येतो. घाबरलेल्या लेकराला धीर द्यायचा नाही, हा कसला उपचार? हा प्रश्न अगदी रास्त आहे. औषध असेल तर निदान पाकिटावर काहीतरी लिहिलेलं असतं. हा उपचार तर एका खोलीत दोन माणसांमध्ये होतो. तो खरंच लागू पडतो हे कुणी तपासलंय का? तपासलं असेल तर कसं? तुम्ही हे विचारायलाच हवं. आणि मला हे मनापासून सांगावंसं वाटतं, की मुलांच्या मानसिक आजारांवरच्या उपचारांमध्ये इतक्या कसोशीने पारखलेले उपचार फार थोडे आहेत.

१९६६ साली लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातले मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. त्या काळी ओसीडी जवळजवळ असाध्य मानला जायचा. वर्षानुवर्षं मनोविश्लेषण चालायचं, विजेचे झटके दिले जायचे, फार बळावलेल्या आजारात मेंदूवर शस्त्रक्रियासुद्धा व्हायची. मेयर यांच्या दोन रुग्णांपैकी एक शिक्षिका होती, तिचा सगळा दिवस धुण्यापुसण्यात जायचा. दुसरीला देवाधर्माविषयी अभद्र विचार यायचे आणि ते निस्तरण्यासाठी तिला पुन्हा पुन्हा ठरावीक कृती कराव्या लागायच्या. मेयर यांनी शिक्षिकेच्या खोलीतले नळ बंद करवले, परिचारिकेला सोबत ठेवलं, आणि तिला ज्या वस्तूंची किळस होती त्या हाताळायला लावून धुण्यापासून रोखलं. दोघींमध्ये सुधारणा झाली. १९७४ पर्यंत मेयर आणि सहकाऱ्यांच्या हाताखालून असे १५ रुग्ण गेले आणि त्यांतले १० खूपच सुधारले किंवा लक्षणमुक्त झाले.

पण १५ माणसांच्या हकिकतींवरून कुणी आपलं मूल सोपवू नये, आणि शास्त्रानेही तसं केलं नाही. लंडनमध्येच मॉड्सली रुग्णालय आणि त्याला जोडलेल्या मानसोपचार संस्थेत स्टॅन्ली रॅकमन आणि त्यांच्याबरोबर मूळचे श्रीलंकेचे पद्मल डी सिल्वा काम करत होते. त्यांनी १९७६ साली एक साधी गोष्ट मोजली. रुग्णाला धुण्याची किंवा तपासण्याची अनिवार ओढ लागेल अशी परिस्थिती आणायची, ती कृती करू द्यायची नाही आणि पुढचे काही तास ओढीचं काय होतं ते नोंदवत राहायचं. रुग्णांना वाटत होतं, आपण वेडे होऊ, ही अस्वस्थता वाढतच जाईल. प्रत्यक्षात ती काहीही न करता ओसरत गेली. पहिल्या तासाभरातच ती बरीच उतरली होती.

आईबाबांनो, सगळ्या उपचाराचा गाभा इथे आहे. तुमचं मूल हात धुतं तेव्हा भीती उतरते आणि त्याच्या मेंदूची समजूत होते, की धुतलं म्हणून वाचलो. ‘काही होणार नाही’ असं तुम्ही म्हणता तेव्हाही तेच घडतं, आई म्हणाली म्हणून वाचलो. भीती आपली आपण उतरते, हे कळायची संधीच त्याला मिळत नाही. तुमचा तो दिलासा सावकाराकडून उचललेल्या पैशासारखा असतो. आज गरज भागते आणि उद्याचं देणं वाढतं. म्हणून कितीही प्रेमाने, कितीही तर्काने समजावलं तरी हा आजार हटत नाही. जंतू कसे पसरतात हे तुमच्या मुलाला तुमच्यापेक्षा जास्त पाठ असतं. त्याला माहितीची वाण नसते, अनुभवाची असते.

याच दोघांनी १९७८ साली आणखी एक गोष्ट दाखवून दिली आणि ती पालकांना मी आवर्जून सांगते. काही मुलांना फार भयानक विचार येतात. आपण आईला सुरी मारू, धाकट्या बहिणीला गॅलरीतून ढकलू, देवाच्या मूर्तीवर थुंकू. मूल एक दिवस रडत रडत हे सांगतं आणि ऐकणाऱ्या आईचे हातपाय गार पडतात. रॅकमन आणि डी सिल्वा यांनी कुठलाही आजार नसलेल्या सामान्य माणसांना विचारलं, तेव्हा त्यांच्यापैकी जवळजवळ ८० टक्के लोकांनी असले नकोसे विचार आपल्याही मनात येऊन जातात असं सांगितलं. विचार सारखेच होते. फरक इतकाच, की इतरांचे आले तसे निघून जातात. ओसीडी झालेलं मूल त्या विचाराला आपल्या पापाचा पुरावा मानतं. तुमचं मूल हिंस्र नाही. ज्या गोष्टीचा त्याला सर्वांत जास्त तिटकारा आहे, नेमकी तीच त्याच्या मनात येऊन त्याला छळते.

आता मुख्य परीक्षेकडे येते. बोलण्याच्या उपचाराची परीक्षा घेणं औषधापेक्षा अवघड असतं. औषधाच्या जागी तशीच दिसणारी साखरेची गोळी देता येते. बोलण्याच्या जागी काय द्यायचं? मूल आपोआप सुधारलं की उपचाराने, की एक प्रेमळ ताई दर आठवड्याला तासभर त्याचं ऐकून घेते म्हणून, हे कसं ओळखायचं? अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाचे जॉन मार्च आणि पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या एडना फोआ यांच्या नेतृत्वाखाली ७ ते १७ वयाच्या ११२ मुलांवर हा प्रयोग झाला आणि २००४ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. चिठ्ठ्या टाकून निवड करावी तसे मुलांचे चार गट पाडले, प्रत्येकात २८ मुलं. एका गटाला फक्त बोलण्याचा उपचार, ईआरपी ज्याच्या केंद्रस्थानी आहे असा. दुसऱ्याला फक्त सर्ट्रालिन हे औषध. तिसऱ्याला दोन्ही. चौथ्याला औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी. मुदत १२ आठवडे.

मूल किती सुधारलं हे ठरवायचा अधिकार उपचार करणाऱ्याला नव्हता आणि पालकांनाही नव्हता. त्यासाठी वेगळे तपासनीस होते आणि कोणतं मूल कोणत्या गटात आहे हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. आजाराची तीव्रता ० ते ४० अशा मापावर मोजली जाते. रोज किती वेळ जातो, किती त्रास होतो, अडवायचा प्रयत्न केला तर किती जमतं, असे दहा प्रश्न त्यात असतात. १० किंवा त्याखाली गुण आले तर मूल जवळपास आजारातून बाहेर पडलं, असं आधीच ठरवलेलं होतं. निकाल हाती आल्यावर रेघ हलवायची सोय कुणाला ठेवलेली नव्हती.

निकाल असा आला. नुसत्या गोळीच्या गटात २८ पैकी १ मूल त्या रेघेखाली उतरलं. औषधाच्या गटात ६. बोलण्याच्या उपचाराच्या गटात ११. दोन्ही मिळालेल्या गटात १५.

त्या एकाकडे आधी बघा. बऱ्याच आजारांत नुसत्या लक्ष देण्याने, नुसत्या आशेने पुष्कळ माणसं बरी होतात. इथे तसं झालं नाही. ‘मोठं झालं की जाईल’, ‘दहावी होऊ द्या, मग बघू’ म्हणणाऱ्या घरांनी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. मुलांच्या बाबतीत सुरुवात बोलण्याच्या उपचाराने किंवा तो आणि औषध मिळून करावी, अशी शिफारस संशोधकांनी केली. पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने आपल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मुलांसाठी ईआरपीचा समावेश असलेला आणि कुटुंबाला सामील करून घेणारा उपचार सांगितला.

११ मुलं बरी झाली म्हणजे त्या गटातली १७ त्या रेघेपर्यंत पोचली नाहीत, हेही मी तुमच्यापासून लपवणार नाही. त्यांतल्या बऱ्याच जणांचा त्रास कमी झाला, पण संपला नाही. हमी इथे कुणालाच देता येत नाही. शंभर टक्के खात्री देणारा कुणी भेटला तर मी त्याच्यापासून दूर राहीन.

या प्रयोगाच्या पोटात आणखी दोन गोष्टी दडलेल्या आहेत आणि माझ्या मते पालकांच्या दृष्टीने त्याच सर्वांत मोलाच्या आहेत. पहिली अशी, की तोच उपचार, तीच पुस्तिका, तितक्याच बैठका असूनही एका केंद्रात बोलण्याच्या उपचाराचा परिणाम दुसऱ्या केंद्रातल्यापेक्षा जवळजवळ तिप्पट होता. म्हणजे उपचार कोण करतं याने फार फरक पडतो. ‘आम्ही सहा महिने समुपदेशन केलं, काही फरक नाही’ असं सांगणाऱ्या पालकांना मी विचारते, की बैठकीत काय व्हायचं? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘मॅडम त्याला समजावून सांगायच्या, पॉझिटिव्ह विचार करायला सांगायच्या.’ असं असेल तर मुलाला हा उपचार अजून मिळालेलाच नाही. तो फसला, असं म्हणता येणार नाही.

दुसरी गोष्ट नंतरच्या विश्लेषणात पुढे आली. ज्या मुलांच्या जवळच्या नात्यात कुणाला ओसीडी होता, त्यांना नुसत्या बोलण्याच्या उपचाराचा फायदा खूपच कमी झाला. औषधाची जोड असलेल्या मुलांचं तसं झालं नाही. आपल्याकडे आत्याची किंवा आजोबांची अशी सवय सांगायला घरं कचरतात, पुढे सोयरीक जुळवताना अडचण येईल म्हणून. तज्ज्ञासमोर हे झाकू नका. त्यावरून मुलाच्या उपचाराची दिशा बदलू शकते. आणि औषध चालू असेल तर ते मनाने बंद करू नका. या लेखामुळे तर अजिबात नको.

२०११ साली याच मालिकेतला दुसरा प्रयोग प्रसिद्ध झाला. औषध घेऊनही पुरती न सुधारलेली १२४ मुलं त्यात होती. काहींचं औषध तसंच चालू ठेवलं. काहींना औषध देणाऱ्या डॉक्टरांनीच भेटीच्या वेळी ईआरपीच्या थोडक्यात सूचना दिल्या. काहींना औषधाबरोबर पूर्ण बैठका दिल्या. चांगली सुधारणा झालेल्यांचं प्रमाण अनुक्रमे ३०, ३४ आणि जवळजवळ ६९ टक्के होतं. डॉक्टरांनी घाईत सांगितलेल्या ‘थोडं थोडं कमी धुवायचा प्रयत्न कर’ या सल्ल्याने नुसत्या औषधापेक्षा फारसं काही जास्त साधलं नाही. उपचार शेजारी बसून, घाम पुसत, मुलाबरोबर करावा लागतो.

आणि ज्यांची मुलं अगदी लहान आहेत त्यांच्यासाठी तिसरा प्रयोग, २०१४ सालचा, ५ ते ८ वर्षांच्या १२७ मुलांचा. यात तुलनेला गोळी नव्हती. अर्ध्या कुटुंबांना ईआरपी शिकवलं आणि अर्ध्यांना शरीर-मन सैल सोडण्याचा सराव, दोन्हीकडे आईवडिलांना सोबत घेऊन आणि सारख्याच मुदतीत. म्हणजे प्रेमळ ताईचं लक्ष दोन्हीकडे सारखं. १४ आठवड्यांनी ईआरपीच्या बाजूला ७२ टक्के मुलं सुधारली, सैलावण्याच्या बाजूला ४१ टक्के. आपल्या घरांतून ‘प्राणायाम कर’, ‘डोळे मिटून रामरक्षा म्हण’ असं सांगितलं जातं. शांत बसण्यात वाईट काही नाही आणि त्याने थोडं बरं वाटतंही. पण आजाराच्या मुळाशी पोचायला ते पुरत नाही. शिवाय अशा मुलांच्या बाबतीत स्तोत्र म्हणणंच नवी कृती होऊन बसतं. एक शब्द चुकला की पहिल्यापासून, एकावन्न वेळा झालं पाहिजे, उच्चार मनासारखा झाला पाहिजे. तसं होताना दिसलं तर तेही तज्ज्ञाला सांगा.

आता तुमच्याबद्दल. मुलासाठी दाराची कडी तुम्ही उघडता, कारण त्याला ती शिवायची नसते. त्याचं ताट तुम्ही तीनदा विसळता. पाहुण्यांना पलंगावर बसू देत नाही. शाळेला खोटी चिठ्ठी लिहिता. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. येल विद्यापीठातल्या लिसा कॅल्वोकोरेसी आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली रुग्णांच्या घरच्यांना विचारलं, तेव्हा दहांपैकी जवळजवळ नऊ घरांत हेच चाललेलं होतं. प्रेमाची माणसं असंच करतात. पण पुढच्या अभ्यासांतून हेही दिसलं, की उपचाराच्या काळात ज्या घरांतली ही मदत कमी होते त्या घरांतली मुलं जास्त सुधारतात. म्हणून तज्ज्ञाच्या खोलीत आठवड्यातून एक तास होतो त्यापेक्षा तुमच्या घरात उरलेल्या दिवसांत काय होतं ते मोठं आहे.

मात्र सोमवारी सकाळी एकदम ‘आजपासून उत्तर मिळणार नाही’ असं जाहीर करू नका. मूल बुडाल्यासारखं होईल. बळजबरीने त्याचे हात कचऱ्यात घालणं, बाथरूमचं पाणी तोडणं, ‘वेड लागलंय का तुला’ म्हणून फटका देणं, यातलं काहीही ईआरपी नव्हे. उपचारात मूल स्वतः ठरवतं. मार्च यांच्या पद्धतीत लहान मुलांना या आजाराला एक टोपणनाव द्यायला सांगतात, म्हणजे भांडण आईशी न राहता त्या आगाऊ पाहुण्याशी होतं. मग भीतीची एक शिडी आखतात. मुलाने प्रत्येक गोष्टीला ० ते १० गुण द्यायचे. एसटीच्या दांड्याला हात लावून लगेच बिस्किट खाणं ९, वर्गातल्या मुलाची पट्टी वापरणं ५, बाहेरून आल्यावर आपल्याच चपला हाताने उचलून ठेवणं ३. सुरुवात ३ पासून. चपला उचलायच्या आणि हात न धुता बसायचं. तुम्ही शेजारी बसायचं. दर थोड्या वेळाने विचारायचं, आता किती? ३, ३, २, १. तो आकडा उतरताना मूल स्वतः बघतं, आणि त्याला दुसऱ्या कुणी सांगण्याची गरज पडत नाही.

त्या वेळात तो विचारेल, ‘आई, काही होणार नाही ना?’ तुम्ही म्हणा, ‘तुला खूप भीती वाटतेय, मला दिसतंय. आणि तू ती सहन करू शकतोस, हे मला माहीत आहे.’ इतकंच. यात तुम्ही उत्तर दिलेलं नाही आणि त्याला एकटंही सोडलेलं नाही. येल विद्यापीठातले एली लेबोविट्झ पालकांना असंच बोलायला शिकवतात. चिंताविकार असलेल्या १२४ मुलांवरच्या त्यांच्या प्रयोगात अर्ध्या मुलांच्या बाबतीत फक्त आईवडिलांबरोबर बैठका झाल्या, मूल तज्ज्ञाकडे गेलंच नाही. तरीही निकाल मुलांना थेट उपचार दिल्याइतकाच चांगला आला. तो प्रयोग ओसीडीचा नव्हता, हे ध्यानात ठेवून सांगते, पण ‘मी कुठेही येणार नाही’ म्हणून हटून बसलेल्या मुलांच्या पालकांना त्यात मोठा आधार आहे. सुरुवात तुमच्यापासूनही होऊ शकते.

आजी-आजोबांना यात घ्याच. तुम्ही उत्तर देईनासे झालात की मूल आजीच्या खोलीत जाईल, आणि नातवाचं रडणं आजीला बघवणार नाही. त्यांना दटावू नका. तज्ज्ञाच्या एका बैठकीला सोबत न्या. कशासाठी काय चाललंय हे कळलं, की अनेक आज्या आमच्यापेक्षा खंबीर निघतात. घरात एक माणूस उत्तर देणारा आणि एक न देणारा असला, तर सगळ्यात जास्त हाल मुलाचे होतात.

तज्ज्ञ मिळणं ही आपल्याकडची खरी अडचण आहे. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये ओसीडीसाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. पुण्या-मुंबईत शोधलं तर माणसं सापडतात, जिल्ह्याच्या गावी मात्र हे अवघड जातं. भेटीआधी फोनवर विचारायला संकोचू नका, की तुम्ही ओसीडीसाठी ईआरपी करता का, घरी रोज काय सराव द्याल, आणि आम्हाला काय शिकवाल? ज्यांना हे येतं ते या प्रश्नांनी दुखावत नाहीत. स्वीडनमध्ये स्टॉकहोम आणि गोटेनबर्गला ८ ते १७ वयाच्या १५२ मुलांच्या प्रयोगात काहींना आधी इंटरनेटवरून ईआरपी देऊन बघितलं. मुलासाठी वेगळे धडे, आईवडिलांसाठी वेगळे, तज्ज्ञ लेखी संदेशांतून सोबत. ज्यांना तेवढ्याने पुरलं नाही त्यांनाच पुढे समोरासमोरच्या बैठका दिल्या. २०२१ साली आलेला निकाल असा, की सहा महिन्यांनंतर ही मुलं पहिल्यापासून समोरासमोर उपचार मिळालेल्या मुलांच्या तुलनेत मागे नव्हती, आणि निम्म्याच्या आसपास मुलांचं काम इंटरनेटवरच भागलं. म्हणून जाणकार तज्ज्ञ दुसऱ्या शहरातला असेल आणि व्हिडिओ कॉलवर भेटत असेल, तर ‘समोर नाही म्हणजे खरं नाही’ असं समजून संधी सोडू नका.

उद्या एखाद्या रुग्णालयाने तुम्हाला विचारलं, की अशा एखाद्या अभ्यासात तुमच्या मुलाला सामील कराल का, तर ऐकताक्षणी नकार देऊ नका आणि ऐकताक्षणी सहीही करू नका. भारतातल्या वैद्यकीय प्रयोगांची सरकारी नोंदवही आहे, सीटीआरआय नावाची. नोंदणी क्रमांक मागा आणि ती इंटरनेटवर उघडून बघा. नीतिसमितीची परवानगी विचारा. तुलनेच्या गटात गेलं तर मुलाला काय मिळेल आणि नंतर खरा उपचार मिळेल का, हे लेखी घ्या. कधीही बाहेर पडण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि सात वर्षांवरच्या मुलाला विचारून त्याचा होकार घेणंही आपल्याकडच्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितलेलं आहे. वर सांगितलेला प्रत्येक आकडा कुणा ना कुणा आईबापांनी असा विचार करून दिलेल्या होकारातून आला आहे. त्यांच्या मुलांनी हात न धुता काढलेल्या तासांमुळेच आज तुमच्या मुलासाठी काय करायचं ते आपल्याला माहीत आहे.

जवळ कुणीच नसेल, कुठून सुरुवात करावी हेच सुचत नसेल, तर १४४१६ हा क्रमांक लावा. केंद्र सरकारची ही टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, विनाशुल्क, आणि तिथे मराठीत बोलता येतं. मूल झोपल्यावर लावा किंवा दुपारी ऑफिसातून लावा, पण या आठवड्यात लावा.